समोरचा धरून

आम्ही

आम्ही दात बनवतो. खोटे. शहरातली निम्मी म्हातारी माणसं आमच्या जिवावर हसतात. उरलेली आमच्यावर दातओठ खातात, तेही आमच्याच दातांनी.

पाटीवर 'दंत प्रयोगशाळा' असं लिहिलंय, पण प्रयोग फार वर्षांपूर्वी बंद झाले. आम्ही कारखाना म्हणतो. पहिल्या मजल्यावर एक लांब खोली, खाली सायकल दुरुस्तीचं दुकान. खोलीला एकाच बाजूला तीन खिडक्या, खिडक्यांपासून जरा सोडून लांब टेबल, आणि खिडक्यांकडे पाठ करून ओळीनं बसलेले आम्ही.

डॉक्टरांकडून माणसांच्या तोंडाचे ठसे येतात. मावशी त्यात प्लास्टर ओतून जबडे काढते. ती आमच्यापैकी कुणाचीच मावशी नाही, पण इतकी वर्षं ऐकून तिला स्वतःलाच तसं वाटायला लागलंय आणि त्या हक्कानं ती आम्हाला बोलून घेते. मग मेणवाला जबड्यावर मेणाच्या हिरड्या चढवून त्यात दात रोवतो. पुढे मेणाची जागा पक्क्या गुलाबी मालानं घेतली की कवळी चकाकीकडे जाते. चकाकी फिरत्या चाकावर तिला चमक आणतो. त्या चाकाच्या घरघरीत त्याला काही ऐकू येत नाही, म्हणून तो मोठ्यानं बोलतो. चाक बंद असलं तरी.

शेवटी जावई. ठसे आणणं आणि कवळ्या पोचवणं हे त्याचं काम. तो कुणाचा जावई नाही, लग्नच झालेलं नाही. पण चहा हातात आणून दिल्याशिवाय घेत नाही, म्हणून जावई.

(जावयाची हरकत: चहा दूर असतो. आणि आपल्याला आवडतं कुणी आणून दिलेलं, त्यात काय.)

काचेच्या केबिनमध्ये साहेब. त्यांचे दात स्वतःचे आहेत. ते दाखवायची संधी ते सोडत नाहीत.

ती

ती लांबून आली. किती लांबून ते आम्ही विचारलं नाही, कारण ती सांगत बसली असती. तिची भाषा वेगळी. आपली भाषा ती पुस्तकातून शिकली होती, आणि ते पुस्तक नक्कीच कुणाच्या तरी आजोबांचं असणार.

पहिल्या दिवशी दारात उभी राहून म्हणाली, "नमस्कार. आपण सर्वजण कुशल आहात ना?"

जावयानं मागे वळून पाहिलं. त्याला वाटलं पाहुणे आलेत.

"मी आजपासून येथे रुजू होत आहे," ती म्हणाली. "मजकडून काही प्रमाद घडल्यास आपण क्षमा करावी."

चकाकीनं चाक थांबवलं. "काय घडल्यास?"

"प्रमाद."

"आमच्याकडे तो नसतो," चकाकी म्हणाला. "घडलाच तर मावशीला सांग, ती झाडून काढेल."

सगळ्यांना ती आपण म्हणायची. मावशीला आपण, साहेबांना आपण. खिडकीत येऊन बसणाऱ्या मांजरालाही "आपण खाली उतरावे". मांजर उतरायचं, हे कबूल केलं पाहिजे. रोज सकाळी आल्या आल्या एकेकाजवळ जाऊन विचारायची, "आपण चहा घेतला?" जावई तर दोन दिवस गोंधळून फिरत होता. "मला घरी 'ए' म्हणतात," तो म्हणाला. "हिनं आपण म्हटलं की मला कुणीतरी वारल्यासारखं वाटतं."

तिला नाव ठेवायला आम्हाला दोन दिवस लागले. आपणताई. नावं ठेवायला तेवढेही लागले नाहीत.

तिचं काम रंगाचं. दात पांढरे असतात असं ज्यांना वाटतं त्यांनी आरशात बघावं. दात पिवळट असतात, राखाडी असतात, मुळाशी गडद आणि टोकाला पाण्यासारखे असतात. डॉक्टर पेशंटला आमच्या पुढच्या खोलीत पाठवतात, आणि नमुन्याच्या दातांची पट्टी त्याच्या उरलेल्या दातांशेजारी धरून रंग ठरवायचा असतो. तिच्या आधी हे काम मेणवाला करायचा आणि सगळ्यांना एकच रंग द्यायचा. बाथरूमच्या फरशीचा. तिनं आल्यावर म्हाताऱ्यांना म्हाताऱ्यांचे दात दिले. पुढचा एक दात केसभर तिरका बसवायला लावला, दुसऱ्याच्या कडेला चहाचा डाग पडल्यासारखी छटा दिली. लोक घरी गेले आणि बायकांनी विचारलं, अजून नवे नाही आणले का?

त्यानंतर डॉक्टरांचे फोन यायला लागले. साहेब फोनवर म्हणायचे, "आम्ही करतो तसं काम कुणी करत नाही." आम्हीही माना डोलवायचो. खरंच होतं, आम्ही तसं काम कधी केलं नव्हतं.

एक छोटा धडा, कंटाळा आला तर गाळा

रंगाला उजेड समोरून लागतो, म्हणून ती टेबलाच्या पलीकडे, खिडक्यांकडे तोंड करून बसायची. आम्ही ओळीनं अलीकडे, ती एकटी समोर. यात कुणाचा काही हेतू नव्हता. खिडक्या तशा आहेत.

सहा महिन्यांनी एकदा चहाच्या वेळी तिनं मावशीला विचारलं, "मावशी, आपण आणि आम्ही यांत भेद काय?"

"काय म्हणजे? तेच ते."

"नाही. जेव्हा चहाला जायचे असते तेव्हा आपण म्हणता, 'आम्ही चाललो ग.' परंतु जावयांना म्हणता, 'चल रे, आपण जाऊ.'"

मावशीनं प्लास्टर ढवळायचं थांबवलं. एवढी वर्षं बोलत होती, पण असा हिशोब कुणी मागितला नव्हता. बराच वेळ विचार करून ती म्हणाली, "आपण म्हणजे समोरचा धरून. आम्ही म्हणजे समोरचा सोडून."

"मग मी समोरची आहे का?"

"तू समोरच बसतेस ना," मावशी म्हणाली.

आम्ही सगळे हसलो. तीही हसली, पण एक क्षण उशिरा. तिचं हसणं नेहमीच एक क्षण उशिरा यायचं, आधी मनात भाषांतर केल्यासारखं. त्या दिवशी मात्र तिला विनोद कळला होता आणि उशीर दुसऱ्याच कशामुळे झाला होता, असं मेणवाल्याला वाटलं. तो काही बोलला नाही. त्याच्या तोंडात मेण असतं बहुतेक वेळा.

(मेण तोंडात नसतं, हातात असतं. — चकाकी.)

तेव्हापासून तिला त्या एका शब्दाचं वेड लागलं. आम्ही कुणी बोलायला लागलो की ती मान वर करायची. 'आपण' म्हणून तिला कुणी मोजतंय का, समोरची धरून, एवढंच तिला ऐकायचं होतं. पगारवाढ मागायला आम्ही केबिनमध्ये गेलो तेव्हा ती खुर्चीवरून अर्धी उठली होती. मावशी म्हणाली, "तू बस, आम्ही बोलून येतो." ती बसली. आम्हाला वाढ मिळाली. तिची साहेबांच्या लक्षात आली नाही आणि आमच्याही तोंडात आली नाही.

तिनं काय काय करून पाहिलं

सर्वांसाठी चहा आणून पाहिला. आम्ही प्यायलो.

चकाकीसारखं मोठ्यानं बोलून पाहिलं. चकाकीला वाटलं ती त्याची नक्कल करतेय, तो आठवडाभर फुगून बसला.

शिव्या शिकून पाहिल्या. एका दुपारी जावयाच्या डब्यातला घास खाऊन म्हणाली, "आयला, आपला डबा फारच रुचकर आहे." जावयाला ठसका लागला. पाठ थोपटायला तीच धावली.

सुट्टीच्या दिवशी मावशीच्या घरी गेली, बोलावलेलं नसताना. मावशीनं बसायला दिलं, सुनेनं सरबत दिलं, आणि मग तिघींनी मिळून अर्धा तास पंख्याकडे पाहिलं. निघताना मावशी म्हणाली, "ये हं आमच्याकडे." ती गेल्यावर सुनेनं विचारलं, "सासूबाई, ती आपणताई हीच का?" म्हणजे बघा, घरोघरी नाव पोचलं होतं. अजून कसली ओळख पाहिजे माणसाला.

हे सगळं आम्ही तेव्हा हसत हसत एकमेकांना सांगायचो. आताही हसत हसतच सांगतोय.

चूक

साहेबांनी एका मोठ्या डॉक्टरांना कारखाना दाखवायला आणलं. दहा दवाखान्यांचे मालक, त्यांचं काम मिळालं तर वरचा मजलाही आमचाच झाला असता. साहेब टेबलाजवळ उभे राहून दात दाखवत होते, स्वतःचे आणि आमचे. प्रत्येक कवळी आपापल्या ताटलीत असते, ताटलीला नावाची चिठ्ठी. साहेबांनी शेजारशेजारच्या दोन ताटल्यांतल्या दोन कवळ्या उचलल्या, एक या हातात, एक त्या हातात, आणि पाहुण्यांना हसवायला दोन्ही हातांतून एकदम टकटक वाजवल्या.

"ऐका," ते म्हणाले, "गप्पा मारतायत."

पाहुणे हसले. साहेबांनी कवळ्या परत ठेवल्या. उजव्या हातातली डाव्या ताटलीत, डाव्या हातातली उजव्या ताटलीत.

आम्ही चौघांनीही पाहिलं. पाहुण्यांसमोर साहेबांची चूक काढायची कशी, म्हणून तेव्हा गप्प बसलो. पाहुणे गेल्यावर साहेब इतके खूश होते की ते मोडवेना. मग जेवायची वेळ झाली. मग आम्ही विसरलो. ती मात्र या सगळ्यात पुढच्या खोलीत होती, एका आजींच्या दाढेचा रंग बघत. तिनं पाहिलं नाही. परत आली तेव्हा जावयानं दोन्ही कवळ्या डब्यांत बांधून नेल्याही होत्या.

एक कवळी होती निवृत्त मुख्याध्यापकांची, दुसरी एका टेलरची. दोघांनाही नवे दात बोचले. डॉक्टरांनी दोघांनाही सांगितलं की सुरुवातीला असंच वाटतं, तोंडाला सवय होऊ द्या. दोघं सज्जन माणसं. नऊ दिवस प्रत्येकाला वाटत राहिलं की दात बरोबर आहेत, आपलंच तोंड चुकलंय.

दहाव्या दिवशी मुख्याध्यापक जुन्या शाळेत भाषणाला उभे राहिले. पहिल्या वाक्यात शिट्टी वाजली. दुसऱ्या वाक्यात वरची पंगत सुटून समोरच्या पेल्यात पडली. पाचशे पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं हाच कार्यक्रम आहे.

कोण

साहेबांनी दोन्ही कवळ्या टेबलावर ठेवल्या. मुख्याध्यापकांचं पत्र वाचून दाखवलं, आणि मोठ्या डॉक्टरांच्या कानावर हे गेल्याचंही सांगितलं. मग म्हणाले, "ही चूक कुणी केली?"

तोपर्यंत आम्ही आम्ही होतो. एकोणीस वर्षं एका ओळीत बसलोय. ती ओळ मोडायला चार वाक्यं लागली.

मावशी म्हणाली, "मी जबडे काढते. जबडे बरोबर आहेत."

मेणवाला म्हणाला, "माझ्याकडून गेले तेव्हा आपापल्या ताटलीत होते."

चकाकी म्हणाला, "मी नुसती चमक आणतो. नावं वाचत नाही."

जावई म्हणाला, "डबा बंद असतो. मी लोकांचे डबे उघडून बघत नाही, तसे संस्कार नाहीत."

मग समोरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती उभी राहिली होती. तिनं हे वाक्य मनात जुळवलं असणार, कारण अडखळली नाही.

"साहेब," ती म्हणाली, "ही चूक आपण केली."

आता हे नीट ऐका. आपल्या भाषेत आदरानं समोरच्यावर चूक घालायची तर लोक 'आपण केलीत' म्हणतात. त्या शेवटच्या 'त'नं कळतं की बोट समोर आहे. पण तिच्या पुस्तकात तो 'त' नव्हता. ती रोज 'आपण चहा घेतला?' असंच विचारायची, आणि तिचं आपण म्हणजे कायम समोरचा माणूस, हे मांजरालाही ठाऊक होतं. त्यामुळे चकाकीनं श्वास रोखला. मावशीचा हात प्लास्टरमध्येच राहिला. हिला कुणी सांगितलं? हिनं तर पाहिलंच नव्हतं.

साहेबांचे कान लाल झाले. आधी पाळी, मग आतली वळणं.

"आपण म्हणजे कोण?" ते हळू म्हणाले. "मी? की तुम्ही सगळे?"

तिनं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. साहेब का चिडले ते तिला कळत नव्हतं. पण रंग ओळखणं हे तिचं काम होतं. तिनं त्या कानांकडे पाहिलं. मग आमच्या चार वाकलेल्या मानांकडे पाहिलं. पुन्हा कानांकडे. आणि तिला कळलं.

तिनं आमच्याकडे नजर टाकली, विचारल्यासारखी. मावशीनं हो म्हणून मान हलवली, अगदी थोडी, माशी उडवल्यासारखी. चकाकीनं डोळा मारला. त्या एका क्षणात आम्ही तिच्याशी जेवढं बोललो तेवढं दोन वर्षांत बोललो नव्हतो.

ती ताठ झाली. तिचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता. बोलावल्यासारखा.

"आपण म्हणजे तुम्ही," ती म्हणाली. "कवळ्यांची अदलाबदल तुम्ही केली. सर्वांनी पाहिले आहे."

"असं?" साहेब आमच्याकडे वळले. "कुणी पाहिलं?"

सायकलवाल्याच्या दुकानात कुणीतरी घंटी वाजवून बघत होतं.

"आम्ही खाली मान घालून काम करतो, साहेब," मावशी म्हणाली.

बघा, आम्ही पुन्हा एका ओळीत आलो.

पत्र

संध्याकाळी तिला पत्र मिळालं. 'आपणास कळविण्यात येते की आपल्या सेवेची यापुढे आवश्यकता नाही.' साहेबांनी तिला आपण म्हटलं ते त्या कागदावर, एकदाच.

आम्ही तिला पोचवायला जिन्यापर्यंत गेलो. आम्ही काही दगडाचे नाही. मावशीचे डोळे भरून आले होते. चकाकी म्हणाला, "काय बोललीस तू. मानलं तुला. आमच्यात कुणाची हिंमत नव्हती." जावयानं आपण होऊन तिची पिशवी उचलली, त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा.

"तू एकटी नाहीस हं," मावशी म्हणाली. "आम्ही सगळे तुझ्या पाठीशी आहोत."

आणि खरंच होतो. जिना अरुंद आहे. ती पुढे, आम्ही मागे.

तिसऱ्या पायरीवर ती थांबली आणि वळली. "बरं," ती म्हणाली, "मग आता आपण काय करायचं?"

इतकं साधं वाक्य ती कधी बोलली नव्हती. पुस्तकाचा त्यात एक शब्दही नव्हता. दूधवाला बोलावा, शेजारीण बोलावी, तसं.

मावशीनं पदरानं नाक पुसलं. "आम्ही काय करणार, बाई."

"आम्हाला घरंदारं आहेत," जावई म्हणाला.

ती आमच्याकडे पाहत राहिली. रंग बघताना पट्टी धरून पाहायची तसं, एकेकाच्या तोंडाकडे, घाई न करता. मग जावयापुढे हात केला.

"दे ती पिशवी."

त्यानं दिली. ती उतरून गेली. जावई जिन्यातच उभा राहिला. "'दे' म्हणाली मला," तो म्हणाला. त्याला ते फारच लागलं. दुसऱ्या दिवशीही तेच सांगत होता.

मतदान

गेल्या आठवड्यात चहाच्या वेळी पुन्हा विषय निघाला. ती समोरची जागा रिकामी आहे. रंगाचं काम मेणवाल्याकडे परत आलंय आणि फरशीचा रंग परत आलाय. मोठ्या डॉक्टरांनी काम दुसरीकडे दिलं. साहेब फोनवर 'आम्ही' म्हणायचं थांबलेत, आता 'आमची माणसं' म्हणतात.

चकाकीचं म्हणणं, तिला आधीपासून माहीत होतं आणि तिनं साहेबांना तोंडावर सुनावलं. पोरगी जिगरबाज होती, थोडी वेडी होती, आणि तिच्या वेडाशी आपला काही संबंध नाही. जावई म्हणाला, पण ती पहिल्यांदा बोलली तेव्हा तिला 'आपण सगळ्यांनी केली' असं म्हणायचं असलं तर? आपली सगळ्यांची चूक ती वाटून घेत असली तर?

 चकाकीनं उगाचच चाक चालू करून बंद केलं.

"असं कसं असेल," मावशी म्हणाली. "तिचा आपण म्हणजे समोरचाच असायचा. पाहिजे तर हात वर करा. तिला साहेब म्हणायचे होते असं कुणाकुणाला वाटतं?"

तीन हात वर झाले. जावयाचा सर्वांत शेवटी.

"आणि आपण सगळे?"

आता मला सांगायला हवं. मेणवाला मी. ती ते वाक्य बोलली तेव्हा बाकी तिघं टेबलाकडे बघत होते, मी तिच्याकडे बघत होतो. 'आपण' म्हणताना तिनं डावा हात फिरवला होता. लहानसाच, मनगटापासून. मावशीपासून सुरू करून माझ्यावरून, चकाकीवरून, जावयापर्यंत, आणि मग तो हात वळून तिच्या स्वतःच्या छातीशी आला होता. साहेबांच्या बाजूला तो गेलाच नव्हता. हे मी एकट्यानं पाहिलंय. त्या क्षणी मी एवढं एक वाक्य बोललो असतो तर साहेबांनी फार तर पाचही जणांना झापलं असतं.

माझा हात वर गेला. कानाच्या वर, चांगला दिसेल इतका.

"काय रे?" मावशीनं विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "केसांना मेण लागलंय का बघतोय."

मावशीनं उठून, वाकून, नीट पाहिलं.

"नाही लागलेलं," ती म्हणाली.